तहान मारण्याची सवय

आमचं घर बडा गणपतीजवळ, मल्हारगंजच्या बाजूला. गेल्या मे महिन्यात परीक्षा चालू होत्या. मी रोज सकाळी साडेसातला चौकातून बस धरायचे आणि दुपारी चारच्या सुमारास घरी यायचे. दप्तरात पाण्याची बाटली असायची, कारण आई ती भरून द्यायची. घरी आल्यावर बाटली जवळजवळ तेवढीच भरलेली निघायची. मी ती गुपचूप गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतून टाकायचे. कधी आईच्या लक्षात आलंच तर म्हणायचे, "तहानच लागली नाही गं."

हे खोटं होतं. तहान लागायची. पण पाणी प्यायलं की जावं लागणार. बसमध्ये जाता येत नाही, पेपर चालू असताना उठून परवानगी मागायची लाज वाटते, आणि बाहेरच्या बाथरूमची कडी लागेल की नाही याची खात्री नसते. म्हणून मी तहान मारायचे. भूक मारतात ना, तशीच.

चौथ्या पेपरच्या आदल्या रात्री लघवीला आग व्हायला लागली. ओटीपोटात कळा आल्या आणि पहाटे थंडी वाजून ताप भरला. आजी म्हणाली, "उन्हाळी लागली पोरीला," आणि तिनं धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं. ताप काही उतरला नाही, म्हणून आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासणी लिहून दिली, गोळ्या दिल्या, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "दिवसातून किती वेळा लघवीला जातेस?"

मी मनात मोजलं. सकाळी निघताना एकदा, मग संध्याकाळी घरी आल्यावर.

"म्हणजे आठ-नऊ तास नाहीच," त्या म्हणाल्या. "आणि पाणी?"

मी गप्प बसले. आई माझ्याकडे बघत होती.

या अंकात रोजच्या आरोग्यावर एक लेख हवा असं ठरलं, तेव्हा हा विषय मी मागून घेतला. 'लघवी' हा शब्द वाङ्मय मंडळाच्या अंकात लिहिताना मला संकोच वाटतो, हे खरं आहे. पण त्या संकोचामुळेच मी आजारी पडले होते. म्हणून लिहिते.

शरीराचा जमाखर्च

आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असतो. पुरुषांत साधारण ६० टक्के, स्त्रियांत थोडा कमी. हे पाणी सतत खर्च होतं. घामातून जातं, श्वासातून जातं, शौचातून जातं आणि लघवीतून जातं. श्वासातून जाणारं पाणी दिसत नाही, म्हणून आपण ते धरत नाही. पण ते रात्री झोपेतसुद्धा जात असतं.

या जमाखर्चाचे खरे हिशेबनीस म्हणजे आपली दोन मूत्रपिंडं. ती दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं ९९ टक्के पाणी ती शरीराला परत देतात आणि उरलेलं, म्हणजे साधारण दीड-दोन लिटर, लघवी म्हणून बाहेर टाकतात. पाणी कमी पडलं की मेंदूकडून एका संप्रेरकामार्फत निरोप येतो: पाणी धरून ठेवा. मग लघवी कमी होते आणि गडद होते. पण कितीही काटकसर केली तरी शरीरातला कचरा बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. त्याखाली काटकसर चालत नाही.

तहान हा मेंदूचा दुसरा निरोप. रक्तातलं क्षारांचं प्रमाण जरासं वाढलं तरी मेंदूला ते कळतं आणि तोंडाला कोरड पडते. एखादा-दोन टक्के पाणी कमी होईपर्यंत तहान जागी झालेली असते. निरोगी तरुण माणसाची तहान सहसा चुकत नाही. आपण तिचं ऐकत नाही, एवढंच.

सतत ऐकलं नाही तर काय होतं? डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, शौचाला घट्ट होतं. लघवी दाट राहिली की त्यातले क्षार साठून मुतखडा होण्याची शक्यता वाढते. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग पुरुषांच्या मानाने खूप आखूड असतो, त्यामुळे आतड्यातले जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. लघवीचा प्रवाह त्यांना धुऊन बाहेर काढतो. तासन् तास लघवी अडवून धरली, आणि मुळात तयारच कमी झाली, तर जंतूंना वाढायला आयता वेळ मिळतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

याबद्दलचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि ज्या मुळात पाणी कमी पितात अशा १४० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, बाकीच्या नेहमीइतकंच पीत राहिल्या. वर्षभरानंतर हिशेब केला. नेहमीइतकं पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी ३.२ वेळा संसर्ग झाला होता आणि जास्त पिणाऱ्यांना १.७ वेळा. कुठलंही नवं औषध नाही, फक्त पाणी, आणि आजारपण जवळजवळ निम्म्यावर आलं.

आठ ग्लासांचं काय?

'रोज आठ ग्लास पाणी प्या' हे आपण शाळेपासून ऐकतो. १९४५ साली अमेरिकेतल्या एका आहारमंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं. आठ ग्लासांचा नियम बहुधा तिथूनच निघाला असं पुष्कळ जण मानतात. पण त्याच सल्ल्यात पुढे होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य लोकांनी लक्षात ठेवलं, दुसरं विसरून गेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवीन नाही. उतारा अर्धाच वाचला की अर्थ बदलतो.

युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेला आकडा असा आहे: अन्न आणि पेयं मिळून बायकांना दिवसाला २ लिटर, पुरुषांना २.५ लिटर पाणी. तेही बेताच्या हवेत, बेताचं काम करणाऱ्यांना. इंदूरचा मे महिना म्हणजे बेताची हवा नव्हे. पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी उन्हात उभं राहून काम करणाऱ्याची गरज कितीतरी वाढते. त्यामुळे सगळ्यांसाठी एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही.

आमटी, ताक, काकडी, कलिंगड, उसाचा रस, सगळ्यांतून पाणी मिळतं. चहासुद्धा या हिशेबात धरतात. पण आपलं इंदुरी खाणं आठवून बघा. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, संध्याकाळी पुन्हा नमकीन. मीठ भरपूर, पाणी नाही. शेव खाऊन तहान लागणारच, आणि ती आपण पुन्हा मारणार.

उलट बाजूही सांगायला हवी. एका बैठकीत तीन-चार लिटर पाणी पिणं हा पराक्रम नाही. मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर काढू शकतात. त्याहून खूप जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी किती पाणी प्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

तीन पिढ्यांची सवय

बरी झाल्यावर मी आजीला विचारलं, "तू दिवसाला किती पाणी पितेस?" ती म्हणाली, "मला तहानच लागत नाही." वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते, हे मी तोवर वाचलं होतं. तिला तसं सांगितलं. ती हसली.

"म्हातारपणाचं नाही गं ते. मला लहानपणापासूनच सवय."

आजी-आजोबा नगर जिल्ह्यातले. अहिल्याबाई होळकरांचं माहेर चौंडी, तेही त्याच जिल्ह्यात. आजीच्या गावात तेव्हा कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात जायच्या, नाहीतर रात्री अंधार पडल्यावर. मधला सगळा दिवस शेतात. "आडोसा कुठला? मग पाणीच बेतानं प्यायचो. माझी आई सांगायची, बाईमाणसानं घराबाहेर पाणी बेतानं प्यावं."

मग आईला विचारलं. आई पंधरा वर्षं नोकरी करते. तीही म्हणाली, "ऑफिसात मी दुपारी जेवताना पिते तेवढंच."

आजीला आडोसा नव्हता. आईच्या ऑफिसात आहे. माझ्या परीक्षेच्या ठिकाणीही होता. पण सवय मात्र आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आली. मला कुणी तोंडाने शिकवली नाही. आई बाहेर पाणी पीत नाही हे बघत बघतच मी ती उचलली.

वर्गातल्या मैत्रिणींशी बोलले. जवळजवळ प्रत्येकीकडे तिची एक युक्ती होती. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करायचं, लग्नाला जाताना फक्त घोट घ्यायचा, पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. एका मित्राला हे सांगितलं तर तो खरोखर चकित झाला. त्याने आयुष्यात कधी असा हिशेब केलाच नव्हता.

बडा गणपतीच्या मंदिरात गणपतीची सुमारे पंचवीस फूट उंच मूर्ती आहे. इथे बुधवारी गर्दी असते. रस्त्यावर हातगाडीवर हार-दूर्वा विकणाऱ्या एक मावशी आमच्या ओळखीच्या आहेत. मी त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळी घरून पिऊन निघते, मग घरी गेल्यावर." जवळपास सोय नाही का, असं विचारलं. "आहे की. पण गाडी कुणावर सोडू? मी तिकडे गेले आणि इकडे गिऱ्हाईक आलं तर?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटत होतं की शौचालय बांधलं की प्रश्न सुटला. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं येत राहिलं, आणि २०२१ साली देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण मावशींना भिंतींच्या आणि दाराच्या जोडीला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं गाडीजवळ उभं राहणारं माणूस लागतं.

पाणी कोण पिऊ शकतं?

पाणी पिणं ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. आपला इतिहास तसं सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसोबत प्यायलं. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, इथल्याच महूचा, आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावरचा. पाण्याचा एक घोट घ्यायला माणसाला आधी माणूस म्हणून उभं राहावं लागतं, हे त्या दिवशी महाडला दिसलं.

बायकांच्या बाबतीत त्याच प्रश्नाचं दुसरं टोक मुंबईत २०११ च्या सुमारास पुढे आलं. तिथल्या काही संस्थांनी मिळून 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली. नाव ऐकून लोक हसले. मागणी साधी होती. सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट जाता येतं, बायकांना मात्र पैसे द्यावे लागतात, आणि बायकांसाठी सोयी मुळातच कमी आहेत, हे बदला. पुढे पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे निर्देश दिले. 'मिळून साऱ्याजणी' हे विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं मासिक आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत असेल. एका मराठी मासिकाचं नाव या निकालाशी जोडलेलं आहे, हे वाङ्मय मंडळाच्या सभासदांना माहीत असायला हवं.

उन्हाळ्यात आपल्या शहरात जागोजागी प्याऊ लागतात, म्हणजे मराठीत पाणपोया. अहिल्याबाईंनी विहिरी, बारवा, घाट बांधले, त्यांच्या नावाच्या या शहरात पाणपोई लावणं हे पुण्याचं काम समजतात. पण पाणपोईशेजारी स्वच्छ मुतारी बांधली तर पुण्य मिळतं, असं अजून कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायची वेळ आली आहे.

नर्मदेपासून बाटलीपर्यंत

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं. त्याआधी यशवंत सागर, बिलावली, सिरपूर अशा तलावांवर आणि विहिरींवर शहर जगायचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून हे पाणी सुमारे ७० किलोमीटर लांब आणि पाचशे मीटरहून जास्त उंच चढवून आणावं लागतं. केवढी वीज, केवढे पंप, किती माणसं. एवढं चढून आलेलं पाणी आई माझ्या बाटलीत भरायची, ते मी दिवसभर पाठीवर वाहायचे आणि संध्याकाळी मोगऱ्याला घालायचे. मोगरा त्या उन्हाळ्यात छान फुलला होता. मी मात्र अंथरुणात होते.

करून बघता येईल असं काही

मला डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नंतर वाचलेलं, दोन्ही एकत्र करून लिहिते.

१. ग्लास मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बीट खाल्लं किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर रंग बदलतो, त्याला घाबरू नका.

२. घरून निघण्याआधी एक ग्लास, मग दर तासाला थोडे घोट. तीन-चार तासांनी लघवीला जाऊन या, घाई लागण्याची वाट बघू नका. आग होणं आणि सोबत ताप किंवा पाठीत दुखणं असेल तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

३. पाणी स्वच्छ असू द्या. नळाचं पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर ते पिऊ नका. एरवीही शंका वाटली तर चांगलं खळखळ उकळून, गार करून प्या.

४. जुलाब झाले तर साधं पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट द्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.

५. घरातल्या आजी-आजोबांना 'पाणी हवं का?' असं विचारू नका. ते नाही म्हणतील. ग्लास हातात द्या.

६. केरळमधल्या शाळांत २०१९ मध्ये 'वॉटर बेल' सुरू झाली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा वाजते आणि सगळी मुलं एकदम पाणी पितात. सगळेच पितात म्हणून कुणाला वेगळं वाटत नाही, आणि सगळ्यांनाच जावं लागतं म्हणून लाजही वाटत नाही. आपल्या मंडळाच्या दोन तासांच्या बैठकीत मध्ये पाच मिनिटं अशी ठेवता येतील. मी तसा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, आणि तो मुलगा असेल तर जास्त आवडेल.

आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणू नये असं म्हणतात. आमच्या घरात विहीर खणलेली होती, पाणीही भरलेलं होतं. आम्ही तहानच लागू देत नव्हतो.

आता माझी बाटली घरी येते तेव्हा रिकामी असते. आईनेही तिच्या ऑफिसच्या टेबलावर एक ठेवली आहे. बुधवारी मी कॉलेजातून परतताना फुलांच्या गाडीजवळ थांबते. मावशी आधी घटाघट पाणी पितात, मग मला म्हणतात, "हार वीसचा, लहान दहाचा, दूर्वा पाच," आणि जाऊन येतात. पहिल्या बुधवारी मी एका काकांना वीसचा हार दहाला दिला. मावशींनी मनावर घेतलं नाही.

आज संध्याकाळी घरी पोचलात की तुमच्याही बाटलीत किती पाणी उरलंय ते बघा. आणि उरलं असेल, तर का उरलं, ते एकदा स्वतःशी खरं सांगा.